कच्च्या टाक्यांची गाडी

तिच्या हातून कात्री कधी घसरत नसे. आत्याच्या शिलाई कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या बायका बऱ्याच होत्या, पण कापड कापायचं ते तिनंच, असा नियम होता. शिवण चुकली तर उसवता येते. काप चुकला की संपलं. म्हणून ती आधी कापडाकडे बराच वेळ नुसती बघत राही, मग खडूने आखे, मग पुन्हा बघे, आणि मग एकदाच काय ती कात्री चालवे. माणसांच्या बाबतीतही तिचं धोरण साधारण हेच होतं. फरक एवढाच, की तिथे अजून खडू हातात घ्यायचीसुद्धा वेळ आली नव्हती.

"तुला माणूस नकोच आहे," आत्या म्हणायची. "तुला दुकानातला पुतळा हवा. मापात बसणारा आणि तोंड न उघडणारा."

"पुतळ्याला निदान सारखं ट्रायलला बोलवावं लागत नाही," ती म्हणायची, आणि विषय तिथेच मिटायचा.

त्या दुपारी ती वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या लांब टेबलावर, मोतिया रेशमाची बाही कापत होती. रेशीम महाग होतं आणि गिऱ्हाईक खडूस. कात्री मुंढ्याच्या वळणावर आली, तिने श्वास रोखला — आणि मागच्या अंगणात एकदम असा काही आवाज झाला, की जणू कोणी पत्र्याच्या पिंपात दगड भरून ते जिन्यावरून सोडलं असावं. तावदानं थरथरली. टाचण्यांची डबी खाली पडली. आणि कात्री... वळण सोडून सरळ बाहीच्या पोटात शिरली.

तिने त्या रेशमाकडे पाहिलं. ओरडली नाही, ओरडणं तिच्या स्वभावात नव्हतं. बाही उचलून ती जिना उतरली आणि मागच्या अंगणात गेली.

अंगणातली पत्र्याची शेड आत्याने नुकतीच कोणा वेल्डरला भाड्याने दिली होती, एवढंच तिला ठाऊक होतं. आत लोखंडी स्टँडवर एक जुनी निळी गाडी चढवलेली होती. ती जीव खाऊन गर्जत होती आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. एका पायात राखाडी मोजा, दुसऱ्यात तपकिरी.

"अहो," ती पायांना म्हणाली.

पायांना काही ऐकू गेलं नाही. मग तिने गाडीच्या उघड्या खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली. सगळीकडे चिडीचूप झालं.

"बंद पडली वाटतं..." खालून आवाज आला.

"पडली नाही. बंद केली. मी."

पाय सरकले. मागोमाग गुडघे आले, मग मळका शर्ट, आणि सर्वांत शेवटी चेहरा. कपाळाला काजळी, भुवयांत गंजाचा भुगा. नेमकं काय चुकलं हे समजून घ्यायची आपल्याला मनापासून इच्छा आहे, अशा नजरेने तो तिच्याकडे बघत होता. भांडायला आलेल्या माणसाला हे फार गैरसोयीचं असतं.

"काय झालं, ताई?"

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. हे बघा." तिने बाही पुढे केली.

"काय आहे हे?"

"बाही होती. तुमची गाडी ओरडली आणि हिची ही दशा झाली. आता हात पुसायच्या लायकीची राहिलीय. घ्या!"

त्याने ती घेतली. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या मोतिया रेशमाला हात पुसले. आधी उजवा, मग डावा, अगदी बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"छान आहे," तो म्हणाला. "फारच मऊ. उगाच त्रास घेतलात."

ती बघतच राहिली. हा माणूस एक तर बेरकी आहे नाहीतर अगदीच भोळा, पण यातलं काय ते तिला ठरवता येईना. ज्या गोष्टी ठरवता येत नाहीत त्यांच्यापासून ती एरवी चार हात लांब राहत असे. त्या दिवशी का कोण जाणे, तिला हसू आलं.

जमिनीवर गाडीचा जुना सायलेन्सर पडला होता. गंजून त्याची पार चाळण झाली होती.

"हे मॉडेल कधीच बंद झालंय, त्यामुळे नवा मिळत नाही," तो सांगू लागला. "बनवून देणारे आहेत, पण ते मागतात तेवढ्यात अशी आणखी एक गाडी येईल. मग म्हटलं, आपले हात काय मोडलेत? मी डेअरीत दुधाचे पाइप जोडतो. तिथल्या भंगारात हे स्टेनलेसचे तुकडे पडून होते, ते साहेबांना विचारून आणले. सगळं आहे बघा. नाही ते फक्त वळण."

"कसलं वळण?"

"पाइप सगळे सरळ. आणि जायचंय इंजिनपासून खाली, मग मागे, मग ॲक्सलच्या वरून, मग बाहेर. पाइप वाकवायचं यंत्र काही माझ्याकडे नाही. म्हणून तिरके काप घेऊन तुकड्याला तुकडा जोडतोय. पण जमत नाहीये."

तिने दोन तुकडे उचलून एकमेकांना लावले. मधून बोट गेलं.

"हे कापले कोणी?"

"मी."

"डोळे मिटून?"

"उघडे होते बहुतेक..."

तिने त्याच्या हातातून ती बिचारी बाही परत घेतली, आपल्या मनगटाभोवती गुंडाळली, मग उलगडून गाडीच्या बॉनेटवर पसरली. "ही बघा. गुंडाळली की नळी. उलगडली की हिची वरची कड कशी दिसते?"

"सरळ नाही. मध्ये फुगून दोन्हीकडे उतरलीय."

"नळी तिरकी कापायची तर कड अशीच येणार. तुम्ही मारताय अंदाजाने रेघ. आधी ही कड कागदावर काढायची, कागद पाइपवर गुंडाळायचा, त्याच्या कडेने खूण करायची, आणि मग कापायचं. आम्ही रोज दुसरं काय करतो?"

तो बाहीकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. "असे कागद तुम्ही मला कापून द्याल?"

"मी का म्हणून?"

"कारण सायलेन्सर होत नाही तोवर ही अशीच ओरडणार."

बेरकी, तिने मनाशी नोंदवलं. भोळा तर मुळीच नाही.

मग तिने कागद कापून दिले. खाकी कागदाची ती चिटोरी पाइपवर हातमोज्यासारखी बसली, आणि पहिलं वळण फटीवाचून जुळलं तेव्हा तो इतका खूश झाला, की ते वळण हातात घेऊन कारखान्यात सगळ्या बायकांना दाखवून आला. बायकांनी त्याचं नाव त्याच दिवशी 'फटफट्या' ठेवून टाकलं.

गाडी सुरू करण्याचाही नियम ठरला. तिची कात्री थांबली की तिने मोजमापाची पिवळी फीत खिडकीतून बाहेर टांगायची. फीत दिसली तरच त्याने किल्ली फिरवायची. फीत नसेल तर कितीही निकड असली तरी इंजिनाला हात लावायचा नाही. त्याने हा नियम इतका काटेकोर पाळला, की एकदा ती फीत टांगायची विसरली तर संध्याकाळपर्यंत तो शेडच्या दारात खिडकीकडे मान वर करून बसून होता.

"हाक मारायची की," ती म्हणाली.

"काय म्हणून मारणार? तुम्हीच सांगितलंत, काही म्हणायचं नाही."

तिने फीत गळ्यात अडकवली आणि ती जिना चढून गेली.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने सांगून टाकलं. लांबच्या एका गावात नवी डेअरी उभी राहत होती आणि तिथे सगळ्या पाइपांचं काम त्याच्याकडे येणार होतं. आजवर तो दुसऱ्यांच्या हाताखालीच राबला होता. गाडीने चार तासांची वाट. हत्यारं इतकी, की गाडीवाचून जाणं शक्य नाही. आणि आवाजाच्या तपासणीत पास झाल्याशिवाय ही गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती.

"म्हणजे हे झालं, की तुम्ही जाणार," ती म्हणाली.

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्या कागदावर खडूने रेघ मारू लागली. रेघ सरळ आली. आपल्याला काहीही वाटलेलं नाही, हे तिने त्या रेघेकडे बघून स्वतःला पटवलं. पण त्यानंतरचे कागद ती जरा सावकाश कापू लागली.

चूक झाली ती ॲक्सलवरच्या मोठ्या वळणात. ते सर्वांत अवघड. जागा कमी आणि तुकडे पुष्कळ. तिने त्याचे कागद दोन संध्याकाळी बसून काढले. त्याने एकेक तुकडा कापला, वेल्डिंगच्या ठिपक्याठिपक्याने जोडला आणि वळण गाडीखाली नेलं. बराच वेळ खालून नुसती खुडबूड ऐकू येत राहिली.

"बसत नाही," तो म्हणाला.

"बसेल. माझं माप चुकत नाही."

"ॲक्सलला टेकतंय."

"शक्यच नाही. सरका." आणि ती, आयुष्यात प्रथमच, गाडीखाली शिरली. गोणपाटावर त्याच्या शेजारी आडवी झाली, त्याच्या हातातली बॅटरी घेऊन तिने तो जोड निरखला. वळण सुरेख होतं. फक्त जिथे ॲक्सलला वळसा घालायचा तिथे ते ऐसपैस बाहेर आलं होतं, तुकड्यातुकड्याने वाढत गेल्यासारखं. तिने बोटाने एका तुकड्याची रुंदी मोजली. मग दुसऱ्याची. आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"मी माया सोडली," ती हळूच म्हणाली.

"काय सोडलं?"

"शिवणीत दुमडायला कडेला जास्तीचं कापड ठेवतात, ते. प्रत्येक तुकड्याला. दोन्हीकडून. सवयीने..."

"आणि स्टील दुमडत नाही."

"ते कळलं मला आता!" ती उसळून म्हणाली. "पण तू कापताना बघितलं नाहीस? तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

गाडीच्या पोटातून गंजाचे कण त्यांच्या तोंडावर पडत होते.

"रेघ तुझी होती," तो म्हणाला. "तपासून बघावीशी वाटली नाही."

अहोजाहो कधी सुटलं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तिला तेवढंच वाक्य ऐकू येत होतं. इतकी वर्षं लोक तिच्या कापाचं कौतुक करत आले होते, पण ते कापाचं. हा माणूस तिची चूकसुद्धा जशीच्या तशी, मुकाट्याने, स्टीलमध्ये कापत गेला होता. तिच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते गाडीखाली आडवं पडल्यामुळे नव्हतं हे तिला पक्कं समजलं.

"नाकावर गंज आहे तुझ्या," तो म्हणाला आणि खिशातून एक कापड काढून त्याने पुढे केलं. ती मोतिया बाहीच होती. धुतलेली, घडी घातलेली.

जास्तीची कड घासून काढायला पुढचे किती दिवस गेले कोण जाणे. तो ग्राइंडर चालवी, ती कानस घेऊन कडा साफ करी, आणि दोघांपैकी कोणालाच घाई नव्हती. मग आलं सायलेन्सरचं पोट. बाजारातला डबा घेणं परवडणारं नव्हतं, तेव्हा त्याने डेअरीतून टाकून दिलेला दुधाचा स्टीलचा कॅन आणला. त्याच्या आतून भोकं पाडलेला पाइप जाणार होता आणि भोवतीच्या पोकळीत आवाज खाणारी लोकर भरायची होती.

"आमच्याकडे उशांचा कापूस पडलाय पोतंभर," आत्या दारातून म्हणाली. "भर तोच."

"जळेल तो, आत्या. काचेची लोकर लागते. डेअरीत गरम पाइपांना गुंडाळतात ती."

"काचेची लोकर आणि दुधाचा कॅन! गाडी करतोयस का घरातली अडगळ काढतोयस?" आत्या म्हणाली. तिला शेड लवकर रिकामी हवी होती, काजाचं नवं मशीन ठेवायला. पण हल्ली ती त्याची निकड बोलून दाखवत नव्हती. उलट येता-जाता शेडमध्ये डोकावून दोघांकडे आलटून पालटून बघत असे आणि काही न बोलता जात असे. आत्या न बोलता जाते, याचीच भीती वाटावी अशी ती बाई होती.

त्या संध्याकाळी पाऊस आला. पत्र्यावर तो इतका दणदण वाजू लागला, की बोलायचं तर जवळ सरकणं भाग पडलं. तो पाइपला भोकं पाडत होता, ती पाइप धरून बसली होती.

"आवाज किती ठेवायचा?" त्याने तिच्या कानाशी विचारलं. "लोकर गच्च भरली तर अगदी बारीक येईल."

"अगदी मुकी नको करूस."

"का?"

"कळायला नको का... कोणाची गाडी आहे ते."

"कोणाला?"

"रस्त्यावरच्या लोकांना," ती म्हणाली आणि पाइपच्या भोकांकडे फार लक्ष देऊन पाहू लागली. तो हसला असावा. तिने वर पाहिलं नाही.

यानंतर खरं तर काम झपाट्याने संपायला हवं होतं. पण संपेना. तो सगळा सांगाडा गाडीखाली लावी, बघे, उतरवी, एखादी कड पुन्हा घासे, पुन्हा लावी. दर संध्याकाळी तिला बोलावून विचारी, "बघ बरं, नीट आहे?" ती म्हणे, "नीट आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिना सरत आला. ती काही बोलली नाही. बोललं तर काम संपेल, आणि काम संपलं तर... एवढ्यावर ती विचार थांबवत असे.

शेवटी बोलली ती आत्या. दुपारी ती वरच्या खोलीत आली, खुर्ची ओढून बसली.

"डेअरीचा साहेब आला होता त्याला शोधत. सोमवारी त्या नव्या डेअरीत हजर झाला नाही तर ते काम दुसऱ्या कोणाला देणार आहेत. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, अजून ट्रायल चालू आहे. एवढ्या ट्रायली तर मी नवरीच्या कपड्यांच्या घेत नाही." आत्याने चष्मा पुसला. "मला काय कळतं त्यातलं. तू बघ."

ती कात्री ठेवून खाली गेली. तो शेडमध्ये नव्हता. ती एकटीच गाडीखाली शिरली आणि बॅटरी लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली. प्रत्येक जोडावर चार-चार ठिपके. फक्त ठिपके. कुठेही गोल फिरलेली सलग शिवण नाही. इंजिनापासून दुधाच्या कॅनपर्यंत अख्खी गाडी कच्च्या टाक्यांवर उभी होती.

हे तिच्याइतकं नीट कोणाला कळणार? जो शिंपी गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा ट्रायलला बोलावतो, त्याला एक तर शिवता येत नाही, नाहीतर कपडा हातचा सोडवत नाही. आणि याला शिवता येत होतं.

बाहेर पावलं वाजली. एक राखाडी मोजा, एक तपकिरी. अजूनही जोड्या लागल्या नव्हत्या.

"पक्कं का नाही शिवलंस?" तिने खालूनच विचारलं.

पाय जागच्या जागी थांबले.

"बोल ना. सगळं आठवड्यापूर्वीच बसलं होतं."

"त्याच्याही आधी," तो म्हणाला.

"मग?"

"पक्कं केलं की संपलं." तो शेजारी जमिनीवर बसला; आता तिला त्याचे हात दिसत होते, एकमेकांत गुंतवलेले. "संपलं की जायचं. मला जायचं नाही असं नाही... ते काम मला हवंय. पण रोज संध्याकाळी तू खाली येतेस, नाक मुरडतेस, माझ्या कडांना नावं ठेवतेस. ते तिथे कोण करणार? मला तू आवडतेस. हे तुझ्यासमोर बोललो नसतो कदाचित. आत्ता तू गाडीखाली आहेस म्हणून जमलं."

ती तशीच पडून राहिली. डोळ्यांसमोर तिच्याच कागदांवरून कापलेले तुकडे होते, ठिपक्यांनी एकमेकांना धरून राहिलेले. तिला आनंद झाला होता. आणि त्याच वेळी तिला भयंकर राग आला होता. एका वाक्यात दोन्ही सांगता येण्यासारखं नव्हतं. शिवाय आपण कापण्याआधी बराच वेळ बघतो, ही तिची सवय ऐन वेळी आडवी आली.

"वेल्डिंगचं यंत्र लाव," ती बाहेर येत म्हणाली.

"उत्तर...?"

"माझ्यासाठी तुझं काम हातचं गेलं, तर मला ते जन्मभर उसवत बसावं लागेल. मला नाही परवडायचं. यंत्र लाव म्हणते ना."

त्याने लावलं. ती काळा चष्मा घालून शेजारी बसली आणि एकेक जोड त्याच्यापुढे धरत गेली. निळी-पांढरी ठिणगी कडेकडेने फिरत गेली, ठिपके त्या शिवणीत बुडत गेले. शिवण त्याने अशी घातली, की तिलाही नावं ठेवता आली नाहीत.

दोन दिवसांनी गाडी तपासणीत पास झाली. तपासणीवाल्याने खाली वाकून दुधाचा कॅन बघितला आणि हे काय म्हणून विचारलं. त्याने सांगितल्यावर पुन्हा वाकून बघितलं.

रविवारी सकाळी तो निघाला. हत्यारं मागे, पुढच्या सीटवर आत्याने दिलेली चादर. "शनिवारी येईन," तो तिला म्हणाला. "शनिवारी सुट्टी लवकर होते." ती म्हणाली, "सांभाळून जा." बस्स, एवढंच. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली तरी तिचा आवाज येत होता, खालच्या पट्टीतला, घशातल्या घशात गुणगुणल्यासारखा. तो ऐकू येईनासा झाल्यावर आत्या म्हणाली, "मूग गिळून बसणं तुझ्याकडून शिकावं."

आठवडा रेटावा लागला. शेडमध्ये काजाचं मशीन आलं होतं, पण आत्याने ते एका कोपऱ्यात ढकलून मधली जागा का कोण जाणे मोकळीच ठेवली होती.

शनिवारी दुपारी तिने पिवळी फीत हातात घेतली. खिडकीपर्यंत गेली. मग तिच्या मनात आलं, फीत टांगली तर आपण वाट बघत बसलोय हे उघड दिसेल. रस्त्यावरून दिसेल, कारखान्यात दिसेल, त्याला दिसेल. आणि तो आलाच नाही तर? तिने फीत गुंडाळून खणात ठेवली. येईल तेव्हा आवाज येईलच की.

आवाज आला नाही. ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. मशीनवरच्या बायका घरी गेल्या. गल्लीतून दुसऱ्या गाड्या गेल्या, त्यातली एकही गुणगुणत गेली नाही. नवं गाव, नवं काम, नवी माणसं. आणि इथून त्याला उत्तर तरी काय मिळालं होतं? यंत्र लाव! तिला स्वतःचाच संताप आला. रिकामं बसवेना म्हणून तिने एक साधं सुती कापड पसरलं, आखलं आणि ती कापू लागली. कात्री सरळ चालली होती. इतकी सरळ, की तिला रडू येईल असं वाटलं.

"फीत हरवली का गं तुझी?" आत्याने दारातून विचारलं.

"नाही. खणात आहे."

"मग तो बिचारा गाडी ढकलत का आणतोय?"

तिने खिडकीतून खाली पाहिलं. अंगणाच्या फाटकातून निळी गाडी आत येत होती. आवाज न करता. उघड्या दारातून एक हात स्टीअरिंगवर आणि खांदा गाडीला लावून तो तिला ढकलत होता. शर्ट घामाने चिंब झाला होता.

तो शेडच्या दाराशी थांबला, वाकून गुडघ्यांवर हात ठेवले. मग त्याने वर पाहिलं.

"गाडी बिघडली?" तिने विचारलं.

"नाही. फीत नव्हती," तो धापा टाकत म्हणाला. "गाडी लांबच बंद केली आणि कोपऱ्यावर थांबलो होतो बराच वेळ. वाटलं, आता टांगेल, मग टांगेल..."

"तुला वाटलं नाही, की मला... की तू नकोच असशील?"

"वाटलं ना. कोपऱ्यावर बसून दुसरं काय वाटणार? परतही फिरलो होतो." त्याने कपाळ पुसलं; हातात ती मोतिया बाही होती. "मग म्हटलं, कापत असेल. उगाच कात्री घसरायची."

तिने खण ओढला. फीत काढली आणि खिडकीतून खाली सोडून दिली, टांगली नाही, सोडूनच दिली. ती वाऱ्यावर वळत जाऊन त्याच्या खांद्यावर पडली. आत्या बाजूला झाली, आणि ती जिना उतरून, चपला न घालता अंगणात गेली.

"सुरू कर," ती म्हणाली. "मला ऐकायचाय आवाज."

त्याने आत बसून किल्ली फिरवली. दुधाचा कॅन, काचेची लोकर, तिची रेघ आणि त्याची शिवण, सगळं मिळून हळू आवाजात गुणगुणू लागलं. तिने ते ऐकून घेतलं. मग उघड्या खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

"बंद पडली?" त्याने विचारलं.

"पडली नाही. बंद केली. मी." ती खिडकीवर वाकली. "मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून नाही, त्या दिवशी रेशमाचं दुःख होतं. पण मी माया सोडली आणि तू काही न विचारता कापत गेलास ना, तेव्हापासून. आठवडाभर हे वाक्य आखून ठेवलं होतं. आता कापलं. परत घेता येणार नाही."

खांद्यावरची पिवळी फीत काढून त्याने तिचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतःकडे ठेवलं.

"तिथे शिलाईवाल्यांची फार अडचण आहे म्हणे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "कापणारं कोणीच नाही."

"बघू. आधी ट्रायल घेईन."

"किती?"

"एकच," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी मोजे जोडीचे घाल."